ओला कचरा, ड्रम आणि शेजारच्या काकूंचे सांडगे

जास्वंद | १२ मे, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते, दुसऱ्या मजल्यावर. घरात आम्ही चौघं. फेब्रुवारीत मोठ्या हौसेनं ओल्या कचऱ्याचा ड्रम आणला. ८० लिटरचा, निळा, घट्ट झाकणाचा, खाली नळ. दुकानाचं नाव घेत नाही, पण विकताना म्हणाले होते, 'ताई, कचरा टाकायचा, वरून ही पावडर भुरभुरायची, ४० दिवसांत खत तयार.' पावडरीची तीन पाकिटं संपली.

खत काही झालं नाही, चिखल झाला. काळपट, बुळबुळीत. झाकण उघडलं की सासूबाई देवघरातून ओरडतात, 'अगं, ते झाक आधी!' तेही चालवून घेतलं. पण काल कहर झाला. शेजारच्या काकूंनी बाल्कनीत कोहळ्याचे सांडगे वाळत घातले होते, त्यात दोन अळ्या निघाल्या. करड्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या. आमच्याच. काकू एक अक्षर बोलल्या नाहीत. ताट तसंच आणून आमच्या दारात ठेवलं आणि गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरात मतदान झालंय, तीन विरुद्ध एक, ड्रम भंगारात. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली आहे. माझं नेमकं काय चुकतंय? रोज पाऊण किलोच्या आसपास कचरा निघतो (आठवडाभर काट्यावर वजन केलंय). भाज्यांची देठं, कलिंगडाची सालं, चहाचा चोथा, कधी शिळा भात. ड्रमला बाजूनं भोकं नाहीत.

भडंग | १२ मे, रात्री १०.५८

शेवटी सांडगे तळले की नाही? (हलके घ्या, ताई. आमच्याकडे असाच ड्रम आहे, त्यात आता गहू ठेवतो.)

अजिंक्यताऱ्याखाली | १३ मे, सकाळी ७.१५

साताऱ्याहून लिहितोय. आधी अळ्यांचं सांगतो, कारण काकूंची समजूत काढायला ते लागेल.

तुम्ही वर्णन करताय ती अळी घरमाशीची नाही. काळी सैनिक माशी म्हणून एक असते, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसणारी. ती चावत नाही आणि घरमाशीसारखी आपल्या ताटातल्या अन्नावर येऊन बसतही नाही. खाण्याचं सगळं काम अळीच उरकते. तुमचा कलिंगडाचा लगदा ती तुमच्या पावडरीपेक्षा कितीतरी वेगानं फस्त करत असणार. पोट भरलं की ती खाणं सोडते, गडद होते आणि ओल्यातून बाहेर पडून कोरडी, अंधारी जागा शोधायला निघते, कोषात जायला. भिंतीवरून, पाइपवरून चढते. तुमच्या अळ्या त्या प्रवासात होत्या आणि वाटेत सांडगे लागले.

म्हणजे अळ्या हा रोग नव्हे. फक्त त्या एवढ्या झाल्या याचा अर्थ ड्रममध्ये पाणी फार आहे आणि वर झाकायला कोरडं काही नाही. तुम्ही कोरडं काय घालता? लिहिलेलं दिसलं नाही.

जास्वंद | १३ मे, सकाळी ९.०२

कोरडं? पावडर कोरडीच आहे की.

अजिंक्यताऱ्याखाली | १३ मे, सकाळी ९.१०

सापडलं.

आकडेमोड | १३ मे, दुपारी १.३०

मूळचा मिरजेचा, सध्या पुण्यात. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत.

कचरा कुजवणारे जिवाणू कर्ब (कार्बन) खातात आणि अंगबांधणीला नत्र (नायट्रोजन) वापरतात. साधारण २५ ते ३० भाग कर्ब आणि १ भाग नत्र असं मिश्रण त्यांना मानवतं. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण १५ च्या आसपास असतं. वाळक्या पानांत ६० धरा, झाडागणिक कमीजास्त. आता तुमचा १ किलो कचरा घेऊ. त्यात ८०० ग्रॅम पाणीच. उरले २०० ग्रॅम, त्यात कर्ब ९० ग्रॅम आणि नत्र ६ ग्रॅम. त्यावर ३०० ग्रॅम वाळकी पानं टाकली तर आणखी १२० ग्रॅम कर्ब येतो, नत्र जेमतेम २ ग्रॅम. बेरीज २१० ला ८. म्हणजे २६. जमलं!

पानं घातली नाहीत तर जास्तीचा नत्र अमोनिया होऊन उडतो, म्हणजे सार्वजनिक मुतारीचा वास. आणि पाण्यानं हवेच्या जागा बुजल्या तर हवेशिवाय जगणारे जिवाणू माजतात, तो सडक्या अंड्याचा वास. तुमचा कुठला?

३०० ग्रॅम ऐकायला कमी वाटतं, पण पानं फुलकी असतात. एक डबा कचरा असेल तर डबा-दीड डबा चुरलेली पानं. काट्यापेक्षा डब्यानं मोजणं सोपं.

जास्वंद | १३ मे, दुपारी ३.४५

दोन्ही वास येतात. वर उघडलं की पहिला, काडीनं ढवळलं की दुसरा.

वाचून एकदम ओशाळल्यासारखं झालं. तीन महिने मी नुसतं पाणी साठवत होते आणि त्यावर पावडर भुरभुरत होते. पण मे महिन्यात विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये वाळकी पानं कुठून आणू? सोसायटीत दोन अशोकाची झाडं आहेत. खाली पडलेलं वॉचमन मामा सकाळीच पेटवून देतात.

ऊसवाला | १३ मे, रात्री ९.२०

ताई, ड्रम भंगारात घालू नगा. मी वाळवा तालुक्यातला. तुमचा धागा वाचून हसू आलं, कारण आमची गोष्ट बरोब्बर उलटी हाय.

ऊस तुटून गेला की रानात पाचट, म्हंजे उसाची वाळकी पानं, पडतंय, एकरी तीन-चार टन. पूर्वी सगळी काडी लावायची, अजून बी लावत्यात. आम्ही खोडव्यात, म्हंजे तुटल्या बुडख्यातनं फुटलेल्या उसात, सरीत दाबतो. पण नुसतं दाबलं तर ते बसून ऱ्हातंय, लवकर कुजत न्हाई, कारण त्यात नत्रच न्हाई. म्हणून एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवायचं कल्चर टाकायचं, हे आमच्याकडं शाळकरी पोरगं बी सांगंल. आता बगा, आमच्याकडं पाचट हाय आणि नत्र इकत आणतो. तुमच्याकडं नत्र उतू चाललंय आणि पाचट न्हाई. मधी पंचवीस-तीस किलोमीटरचं अंतर हाय, दुसरं काय न्हाई.

माझा पोरगा आठवड्याला विश्रामबागला क्लासला येतो. दोन पोती धाडतो. पैशाचं नाव काढू नगा. फकस्त कोयत्यानं, न्हाईतर जुन्या कात्रीनं बारीक करून घ्या, बोटभर. अख्खं पाचट घातलं तर ढवळताना काठीला गुंडाळून येतंय. आणि पाचटाला कड असती, हात कापतो. हातमोजं घाला.

गावभागकर | १३ मे, रात्री ९.४१

ऊसवाला, +१००. हा प्रतिसाद धाग्याच्या वर डकवून ठेवा कुणीतरी.

मातीवाला काका | १४ मे, सकाळी ६.०५

कृषी खात्यात ३१ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. आकडेमोड आणि ऊसवाला यांनी मुद्द्याचं सांगितलंच आहे, मी राहिलेलं सांगतो.

जास्वंदताई, आधी ड्रम रिकामा करा. जुनी साडी किंवा ताडपत्री गच्चीवर पसरा आणि तो चिखल तिच्यावर ओता. सकाळी लवकर करा, लोक उठायच्या आत. (काकूही.) नळाखालची जाळी बुजली असेल, ती काढून पहा. मग सुतारकामाच्या ड्रिलनं ड्रमच्या अंगाला पेन्सिलीच्या जाडीची भोकं पाडा, वीतभर अंतरानं, सगळीकडून. भोकांना आतून मच्छरदाणीची जाळी चिकटवा, म्हणजे अळ्यांचा प्रवास थांबेल. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि जाड काड्या चार बोटं. त्यावर पाचट. मग चिखलात दुप्पट पाचट कालवून परत भरा. चिखल फेकू नका, त्यात तयार जिवाणूंची फौज आहे, पावडरीची गरज नाही. दह्याला विरजण लागतं, ते एकदा मिळालं की दर वेळी विकत आणायचं नसतं.

रोजचा नियम एकच. कचरा टाकला की तो दिसेनासा होईपर्यंत वर पाचट. दिसतोय तोवर चिलटं येणार.

ओल पहायला मूठभर उचलून घट्ट दाबा. बोटांतून एखादा थेंब सुटला तर ठीक, धार लागली तर पाचट वाढवा, मूठ उघडल्यावर गोळा फुटून भुगा झाला तर पाण्याचा शिपका मारा. सांगलीच्या मे महिन्यात हे शेवटचंही होतं बरं का. मुंग्या लागल्या की समजायचं फार कोरडं झालं. चार-पाच दिवसांनी एकदा खालीवर करा, बस.

तीन_चाकी | १४ मे, सकाळी ११.३०

ड्रमच्या नळातून येणारं पाणी फेकू नका हां. एक नंबर टॉनिक आहे. मी दहा पट पाणी घालून कोथिंबिरीला घालतो, नुसती लवलवते.

मातीवाला काका | १४ मे, दुपारी ४.१०

तीन_चाकी, इथं माझा विरोध नोंदवून घ्या. तुम्ही म्हणताय ते गांडूळपाण्याबद्दल ऐकलेलं असणार. ते पक्व खतातून, गांडुळांच्या अंगावरून झिरपतं. ताज्या कचऱ्यातून गळणारा निचरा ही वेगळी गोष्ट. तो अर्धकच्चा असतो, त्यात काय काय जिवंत आहे सांगता येत नाही. जास्वंदीला, शोभेच्या झाडाला पातळ करून बुडाशी घाला हवं तर. कोथिंबीर आपण कच्ची खातो. त्यावर नको.

तीन_चाकी | १४ मे, दुपारी ४.२५

काका, चार वर्षं खातोय, कोणी आजारी पडलं नाही.

मातीवाला काका | १४ मे, दुपारी ४.४०

हेल्मेट न घालता चार वर्षं गाडी चालवणारेही हेच म्हणतात. मुळात नीट चाललेल्या ड्रममधून थेंबभरच निचरा येतो. तुमच्या नळाला कोथिंबीर भिजण्याइतकं पाणी येत असेल तर पाचट वाढवा.

भडंग | १४ मे, दुपारी ४.४३

काका फॉर्मात.

गावभागकर | १५ मे, रात्री ८.१५

माझंही थोडं अवांतर. आमचं जुनं घर, मागं परडं. सासऱ्यांनी खड्डा काढलेला, त्यात सगळं जायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं (४५ ला धोका असतो), तेव्हा खड्डा, परडं, तुळस, सगळं पाण्याखाली. पाणी उतरल्यावर त्या खड्ड्यात कुठला कुठला गाळ येऊन बसला होता, त्यातलं झाडांना घालायची हिंमत झाली नाही. आता वरच्या मजल्यावर तीन मडक्यांची उतरंड आहे. वरच्यात ताजं, मधल्यात मुरतं, खालच्यात तयार. वरच्या दोघांच्या बुडाला भोकं. कुंभाराला सांगितलं तर पाडून देतो. मातीचं मडकं स्वतः श्वास घेतं, त्यामुळे प्लॅस्टिकच्या ड्रमएवढं घामाघूम होत नाही.

खड्ड्यावरून आठवलं. सांगलीजवळच्या हरिपूरला हळदीची पेवं होती ना, जमिनीत खोल, वरून लिंपून बंद केलेली? त्यात हळद वर्षानुवर्षं टिकायची कारण आत हवाच नाही, किडा जगत नाही. आमचे सासरे म्हणायचे, जे टिकवायचंय त्याला पेव आणि जे मुरवायचंय त्याला परडं. जास्वंदताईंनी ड्रम घेतला खताला आणि वापरला पेवासारखा.

जास्वंद | १५ मे, रात्री ८.३०

हे वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या माहेरच्या हरिपूरच्या. पहिल्यांदाच ड्रमबद्दल चार शब्द बऱ्या आवाजात बोलल्या.

मोगरा_मिरज | १६ मे, सकाळी १०.००

धागा वाचते आहे, दोन शंका. लिंबाच्या साली आणि कांद्याची टरफलं चालतात का? आणि रविवारच्या मटणाची हाडं?

अजिंक्यताऱ्याखाली | १६ मे, सकाळी ११.२०

लिंबू, कांदा चालतं. घरातल्या प्रमाणात काही बिघडत नाही, सालींना कुजायला वेळ लागतो एवढंच. फक्त गांडुळं पाळली असतील तर त्यांना दोन्ही आवडत नाही. अंड्याची टरफलं कुटून घाला, अख्खी घातलीत तर वर्षानंही जशीच्या तशी निघतील. आंब्याच्या कोयींचं तेच. चहाचा चोथा धुऊन घ्या, दुधा-साखरेला मुंग्या येतात. टी-बॅग नको, बऱ्याचशांच्या कागदात प्लॅस्टिक असतं.

हाडं फ्लॅटमध्ये नको. मांजर येईल, उंदीर येतील आणि काकू या खेपेला ताट दारात ठेवणार नाहीत, डोक्यात घालतील. शिळी भाकरी, भात चालतो, पण चुरून, थोडा, आणि पाचट दुप्पट. लोणचं, तेलकट रस्सा नको. मिठानं पुढं झाडं जळतात.

आकडेमोड | १६ मे, दुपारी १.१५

लाकडाचा भुसा कुणी सुचवायच्या आत सांगतो. वखारीतला, साध्या लाकडाचा चालेल, पण त्यात एका भाग नत्राला कर्ब ३०० च्या पुढे असतो, म्हणून मूठ-मूठच. फर्निचरवाल्याकडचा प्लायवूडचा भुसा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात.

आणि आमच्या पुण्याच्या सोसायटीनं २४ तासांत खत करणारं मशीन घेतलंय. २४ तासांत कचरा वाळून दळून निघतो. रंग खताचा. कुंडीत घालून पाणी दिलं की तिसऱ्या दिवशी बुरशी आणि वास. कारण कुजणं अजून सुरूच झालेलं नव्हतं. सभेत बोललो, तेव्हापासून मला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'कचरा साहेब' म्हणतात.

जास्वंद | २१ मे, रात्री ९.५०

अपडेट. पाचट आलं! ऊसवाला दादांचा मुलगा दोन पोती आणि वर एक पिशवी शेवग्याच्या शेंगा देऊन गेला. रविवारी पहाटे पाचला मी आणि नवरा गच्चीवर. चिखल ओतला तेव्हा नवरा नाकाला रुमाल बांधून म्हणाला, 'हे तू तीन महिने घरात ठेवलं होतंस?' आत एक अख्खा वजनकाट्याचा चमचा सापडला, जो मी मार्चपासून शोधत होते.

पाचट कापायला मात्र जीव गेला. शेवटी सासूबाईंनी विळी मागितली आणि बसल्या. अर्ध्या तासात एक पोतं. भोकं ३६ पाडली, जाळी लावली. आज तिसरा दिवस. वास निम्म्याहून कमी. हात आत घातला तर गरम लागतंय, हे बरोबर आहे का?

मातीवाला काका | २२ मे, सकाळी ६.००

उत्तम! जिवाणू कामाला लागले. मोठ्या ढिगात ५५-६० अंशांपर्यंत जातं, तुमच्या ड्रममध्ये तेवढं टिकणार नाही, पण कोमट-गरम राहिलं तरी काम चाललंय. आठवड्यानं बुरशीसारखी पांढरी जाळी दिसेल, घाबरू नका.

अजिंक्यताऱ्याखाली | १८ जून, सायंकाळी ६.३०

पावसाळा लागलाय म्हणून आठवण. आमच्याकडे साताऱ्याला पाऊस तुमच्यापेक्षा जास्त, पहिल्या वर्षी माझा ड्रम झड लागून भिजला आणि जास्वंदताईंच्या फेब्रुवारीसारखा झाला. वर पत्रा तिरपा ठेवा, झाकणाला टेकवू नका, हवा खेळू द्या. आणि कोरडं आत्ताच घरात आणून ठेवा, ओलं पाचट म्हणजे नुसतं ओझं. मी फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत पोती भरून ठेवतो. गोडोलीतल्या आमच्या गल्लीत झाडणाऱ्या मावशींशी ठरलंय, त्या पानं पेटवत नाहीत, माझ्या फाटकात टाकतात. संक्रांतीला त्यांना साडी. सौदा दोघांना परवडतो.

जास्वंद | ३ ऑगस्ट, रात्री १०.१०

ड्रम भरला. दोन महिन्यांहून जास्त दिवसांचा कचरा, पन्नासेक किलो तरी गेला असेल, आणि तरी परवापर्यंत भरत नव्हता, रोज खाली बसायचा. आता बंद करून ठेवलाय, दुसरा आणला (साधा, स्वस्तातला, नवऱ्यानं स्वतः भोकं पाडली). पहिल्यात अजून किती दिवस? आणि झालंय हे कसं ओळखायचं?

मातीवाला काका | ४ ऑगस्ट, सकाळी ६.०५

महिना तरी मुरू द्या. नंतर मूठभर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून तीन-चार दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तर झालं, आंबूस आला तर परत आत. दुसरी परीक्षा मेथीची. थोड्या खतात मेथी पेरा. नीट उगवून हिरवीगार वर आली तर खत पक्व. कच्चं खत कोंब जाळतं. आणि नुसत्या खतात झाड लावू नका कुणी, तीन भाग मातीला एक भाग पुरे.

जास्वंद | ५ सप्टेंबर, रात्री ९.१५

मेथी उगवली.

काल चाळलं. वाळूची चाळणी समोरच्या बांधकामावरून मागून आणली. साडेअकरा किलो भरलं. वर राहिलेल्या काड्या, दोन कोयी आणि अर्धवट पाचट नव्या ड्रमात गेलं. रंग चहापत्तीसारखा, हाताला अजिबात चिकटत नाही. सासूबाईंनी पहिली ओंजळ तुळशीला घातली, दुसरी वांग्याला. कृष्णाकाठच्या वांग्याचं रोप आहे, कुंडीत कितपत येईल कोण जाणे. परवा गणपती बसतील. निर्माल्य या वर्षी नदीत नाही, ड्रमात, हे त्यांनीच जाहीर केलं, हाराचे दोरे आणि जरी काढून.

दोन किलोची पिशवी काकूंना दिली. त्यांनी हुंगून पाहिली, बराच वेळ. मग म्हणाल्या, 'अळ्या नाहीत ना गं यात?' आज सकाळी वाटीत सांडगे आले, तळलेले.

पाचट संपत आलंय. ऊसवाला दादा, ऐकताय का?

भडंग | ५ सप्टेंबर, रात्री ९.२०

माझ्या मे महिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर अखेर मिळालं.

ऊसवाला | ६ सप्टेंबर, सकाळी ५.५०

ऐकतोय की. आता रानात ऊस उभा हाय, पाचट कुठलं? तोवर भुईमुगाची टरफलं धाडतो पोराकडनं. दिवाळीच्या पुढं-मागं कारखान्याचं गळीत सुरू झालं की फोन करतो, गाडी घेऊन या. येताना पोती रिकामी आणा, मागची दोन माझी तुमच्याकडंच हायत.